अनुक्रमांक ४७: कंदील, फुटका, नग एक

श्रीपादरावांच्या हातून आजवर अकरा स्टोअर रिकामी झाली होती, आणि त्यांपैकी एकाही स्टोअरसाठी कोणाच्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं. चाकणच्या ज्या कंपनीत ते स्टोअर्सचे प्रमुख होते, तिथे गाड्यांचे ब्रेक बनायचे आणि भिंतीभिंतीवर पाच पायऱ्या रंगवलेल्या होत्या: वर्गीकरण, सुव्यवस्था, स्वच्छता, प्रमाणीकरण, शिस्त. बाकीची माणसं त्या भिंतींना टेकून चहा प्यायची. श्रीपादराव भिंत वाचायचे. वर्षभर जागचा न हललेला माल दिसला की त्याला लाल टॅग लावायचा, पंधरा दिवस मालकाची वाट बघायची, कोणी पुढे आलं नाही तर भंगार. या कामगिरीबद्दल मिळालेल्या तीन ट्रॉफ्या पुनावळ्याच्या फ्लॅटमध्ये टीव्हीच्या वर ओळीने उभ्या होत्या, आणि त्यांच्यातलं अंतर पट्टीने मोजलेलं होतं.

अशा माणसाच्या ताब्यात गोदाम देऊ नये, एवढी साधी गोष्ट त्यांच्या लेकीला, अनुयाला, कळायला हवी होती. पण तिची इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाची परीक्षा तोंडावर आली होती आणि तिच्यापुढे दुसरा इलाज नव्हता.

झालं असं की अनुयाच्या आईने, म्हणजे अरुंधतीबाईंनी, परीक्षा संपेपर्यंत मोबाईल कपाटात ठेवण्याचा हुकूम काढला. अरुंधतीबाई नववीला गणित शिकवतात. त्यांचा हुकूम सहसा बदलत नाही.

"आई, सात दिवस गेलं नाही तर बेट ओसाड पडतं," अनुया म्हणाली.

"पडू दे."

"पाच वर्षं झालीत त्याला."

"मग पाच वर्षांपूर्वीच काढून घ्यायला हवा होता."

बेट म्हणजे गेम. त्याचं खरं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं. त्यात प्रत्येकाला समुद्रात एक बेट मिळायचं. त्यावर झाडं लावायची, मासे पकडायचे, होड्या पाठवायच्या, शेजारच्या बेटांवरच्या मित्रांशी देवाणघेवाण करायची. कोणी मरत नाही, कोणी जिंकत नाही, आणि मुख्य म्हणजे ते संपत नाही. श्रीपादरावांना याचंच नवल वाटायचं. घरात पाहुणे आले की ते स्वतःच्या गेमची हकीकत सांगायचे. अठ्ठ्याऐंशी साल, चिंचवड स्टेशनजवळ सायकलच्या दुकानामागची खोली, रुपयाचं नाणं, पडद्यावर एक विमान आणि तीन लाईफ. शेजारी दोघांची दप्तरं धरून उभा असलेला निरंजन. या निरंजनचा स्कोअर अख्ख्या चिंचवडात कोणी मोडला नव्हता, पण रात्री मालक मेन स्विच ओढायचा आणि सकाळी सगळे पुन्हा शून्यावर. "आमच्या वेळी गेम हा गेम होता," श्रीपादराव म्हणायचे. "संपायचा. घरी काही यायचं नाही." पाहुणे मान हलवायचे आणि चिवडा संपवायचे.

तर या मायलेकींच्या भांडणात श्रीपादराव मध्यस्थ म्हणून उतरले. आधी त्यांनी गेम नीट समजून घेतला. रोज हजेरी लागते. रोजचं टार्गेट असतं. सलग सात दिवस आलात तर बोनस, गैरहजर राहिलात तर नुकसान.

"अगं, ही तर कंपनी आहे!" ते हरखून म्हणाले. "आणि शिफ्टचा नियम काय? रिलीव्हर आल्याशिवाय मशीन सोडायचं नाही. तू अभ्यास कर. अठरा दिवस तुझा रिलीव्हर मी."

अनुयाने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग त्यांच्या फोनवर तिने आपलं खातं उघडून दिलं आणि वहीचं पान फाडून चार ओळी लिहिल्या. एक, झाडांना पाणी. दोन, मासे गोदामात. तीन, होडी पाठव. चार, संध्याकाळी सात वाजता मित्रांना घंटा. खाली दोनदा रेघ मारून लिहिलं होतं: बाकी कशालाही हात लावू नकोस.

पहिले पाच दिवस श्रीपादरावांनी असं काम केलं की खुद्द समुद्राने दखल घ्यावी. कंपनीच्या बसमध्ये बसल्याबसल्या झाडांना पाणी, जेवणाच्या सुट्टीत मासे, संध्याकाळी सातला घंटा. घंटा म्हणजे मित्राच्या नावापुढचं एक चित्र. ते दाबलं की त्याच्या फोनवर टिणकन आवाज होतो, एवढंच. मित्र तेवीस होते आणि प्रत्येक घंटेआधी अर्धा मिनिट जाहिरात बघावी लागायची. सगळी नोंद ते एका जाड लाल रजिस्टरमध्ये करायचे. सोसायटीतले उद्धवराव, महापालिकेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले, यांनी ते रजिस्टर पाहून "हल्ली असं काम बघायला मिळत नाही," असा शेरा मारला होता.

सहाव्या दिवशी गोदाम भरलं. दोनशेपैकी दोनशे. मासे किनाऱ्यावर पडून सडायला लागले.

त्या दिवशी गुरुवार होता, कंपनीची साप्ताहिक सुट्टी. अनुया खोलीचं दार लावून अभ्यास करत होती. श्रीपादरावांनी गोदाम उघडून आत पाहिलं आणि त्यांच्या अंगावर काटा आला. फाटकी जाळी, तुटकी वल्ही, एकेकटे शंख, विझलेल्या शेकोट्या, तळ गेलेली बादली. तीन-तीन वर्षं न हललेला माल. आपल्या पोटच्या पोरीचं स्टोअर असं असावं! क्षणभर त्यांना त्या चार ओळींखालच्या दोन रेघा आठवल्या. पण मासे सडत होते, पोरीला अभ्यासातून उठवायचं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर त्यांचे हात शिवशिवत होते. कारखान्यात लाल टॅग लावल्यावर पंधरा दिवस थांबायचा नियम आहे. इथे त्यांनी तो पाळला नाही. गेमच तर आहे, असं म्हणाले आणि चष्मा पुसला.

चार तासांत शहाऐंशी वस्तू भंगारात गेल्या. प्रत्येकीची नोंद झाली. आलेल्या नाण्यांतून त्यांनी गोदामाला नवी मांडणी घेतली आणि किनाऱ्यावर दीपस्तंभ उभा केला. मग, हात चालूच होता तर, मित्रांची यादी घेतली. तेवीसपैकी नऊ जण वर्षभर फिरकलेच नव्हते. त्यांच्या घंटांपायी रोज साडेचार मिनिटं जाहिरातींत वाया जात होती. अशांना कंपनीत अनधिकृत गैरहजर म्हणतात. त्यांनी नऊही नावं कमी केली. आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो शेजारीशेजारी लावून कंपनीच्या ग्रुपवर टाकले. सतरा जणांनी टाळ्या पाठवल्या आणि प्लांट हेडने अंगठा.

बारा दिवसांनी, मंगळवारी, परीक्षा संपली. अनुया घरी आली, सँडल न काढता तिने कपाटातून आपला फोन घेतला आणि सोफ्यावर बसली. श्रीपादराव समोरच्या खुर्चीत कौतुकाची वाट बघत बसले होते. त्यांनी चहासुद्धा थांबवून धरला होता.

ती पडद्यावर काहीतरी शोधत राहिली. वर गेली, खाली गेली.

"बाबा, कंदील कुठाय?"

"कुठला कंदील?"

"फुटका. डाव्या कोपऱ्यात होता."

श्रीपादरावांनी रजिस्टर आणलं. माल कुठे गेला असं कोणी विचारलं की उत्तर रजिस्टरमधून द्यायचं, ही तीस वर्षांची सवय. त्यांनी बोट फिरवत ओळ शोधली आणि स्पष्ट आवाजात वाचली, "अनुक्रमांक सत्तेचाळीस. कंदील, फुटका, नग एक. उजेड शून्य. हालचाल चारशेतीन दिवस नाही. भंगार, तीन नाणी."

अनुयाने मित्रांची यादी उघडली.

"चिमणी कुठाय?"

"नऊ जण कमी केले ना," श्रीपादराव म्हणाले, आणि त्यांनी पुढचं पान उलटलं. "चिमणी, गैरहजर चारशेतीन दिवस—"

"ती स्वरूपा होती, बाबा."

अरुंधतीबाई स्वयंपाकघराच्या दारात आल्या होत्या. गॅसवरचा चहा उतू गेला, त्याचा वास घरभर सुटला.

स्वरूपा अनुयाच्या वर्गातली. महाळुंग्याहून दोन बस बदलून कॉलेजला यायची. एकदा घरी आली होती, तेव्हा टीव्हीवरच्या ट्रॉफ्या कशाबद्दल मिळाल्या हे तिने श्रीपादरावांना विचारलं होतं आणि सगळं उत्तर, सुमारे चाळीस मिनिटांचं, जागेवरून न हलता ऐकलं होतं. त्या घरात ट्रॉफ्यांबद्दल विचारणारी ती पहिली आणि शेवटची पाहुणी. गेल्या वर्षी चाकणच्या चौकात ती मागे बसलेल्या स्कूटरला कंटेनरने धडक दिली आणि ती गेली. कंदील तिने आदल्या दिवशी पाठवला होता. तो गेममध्ये कोणाला नको असतो. फुटका असतो म्हणून मैत्रिणी एकमेकींना चिडवायला पाठवतात. अनुया दुसऱ्या दिवशी तो परत पाठवणार होती.

आणि गेले चारशेहून जास्त दिवस रोज सातला अनुया स्वरूपाच्या नावापुढची घंटा वाजवत होती. आईबाबांना सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं त्यात काय आहे हे तिलाही नीट सांगता आलं नसतं. म्हणून कागदावर तिने नुसतं मित्रांना असं लिहिलं.

त्या दिवसापासून अनुया वडिलांशी बोलायची थांबली. भांडली असती तर श्रीपादरावांना बरं वाटलं असतं. ती जेवायला यायची, ताट वाढून घ्यायची, ताट धुऊन ठेवायची. लहानपणापासून ते तिला शिस्त शिकवत आले होते, आता ती शिस्त टेबलाच्या पलीकडे बसून पोळी खात होती.

श्रीपादराव खटपटीला लागले. चूक झाली की कारण शोधायचं आणि सुधारणा करायची, एवढंच त्यांना येत होतं. गेमच्या मदतकक्षात त्यांनी इंग्रजीत दीड पानी अर्ज लिहिला. तिथे टोपी घातलेला एक हसरा मासा उत्तरं द्यायचा. माशाने लिहिलं, तुमची अडचण ऐकून वाईट वाटलं, तुम्ही आमचा नवा पावसाळी होडी-संच पाहिलात का? श्रीपादरावांनी पुन्हा अर्ज केला. मासा पुन्हा हसला. तिसऱ्या अर्जाला त्यांनी कंपनीच्या पद्धतीप्रमाणे मूळ कारणाचं विश्लेषण जोडलं: असं का झालं, पाच वेळा विचारून. पाचव्या 'का'च्या उत्तरात फक्त त्यांचं स्वतःचं नाव होतं.

सोसायटीत बातमी पसरायला दोन दिवस लागले. उद्धवराव म्हणाले, "अर्ज तीन प्रतींत द्या आणि पोच घ्या. पोच नसेल तर तुम्ही गेलाच नव्हतात, असं होतं." तिसऱ्या मजल्यावरचा सुजित हिंजवडीला नोकरी करायचा. तो म्हणाला, "काका, सर्व्हर मागच्या तारखेला न्यावा लागेल. पण एका कंदिलासाठी चार कोटी लोकांचे दोन आठवडे कोण मागे नेणार?" कुसुमताई समोरच राहायच्या. त्यांनी सल्ला दिला, "नवीन घेऊन द्या की! माझ्या नातवाचं खेळणं मोडलं की मी तसंच आणून ठेवते, त्याला कळतसुद्धा नाही." श्रीपादरावांना तो सल्ला पटला, हे त्यांच्या अवस्थेचं लक्षण समजावं. त्यांनी दुकानातला सर्वांत भारी कंदील, सोन्याचा, फिरता उजेड देणारा, घेतला आणि डाव्या कोपऱ्यात नेऊन ठेवला. दुसऱ्या दिवशी तो तिथे नव्हता. अनुयाने विकला होता. नोंद त्यांनी स्वतःच केली.

मग ते पोलीस चौकीत गेले. सायबरच्या टेबलावर एक सभ्य हवालदार बसले होते.

"काय चोरीला गेलं?"

"कंदील. म्हणजे गेममधला."

"ओटीपी दिला होता कोणाला?"

"नाही."

"मग कोणी नेला?"

"मीच विकला."

हवालदारांनी पेन खाली ठेवलं. "फिर्यादी कोण?"

"मीच."

"आणि आरोपी?"

श्रीपादरावांनी बोट स्वतःकडे वळवलं. हवालदारांनी त्यांना पाणी दिलं, मुलीचं वय विचारलं, आणि म्हणाले, "साहेब, माझा पोरगा पण सहा महिने बोलत नव्हता. घरी जा, बोला तिच्याशी." ती पहिली माणसासारखी गोष्ट कोणी त्यांना सांगितली होती, पण बोलायचं काय हे त्या टेबलावरही कोणाला माहीत नव्हतं.

नवव्या दिवशी बुधवारी माशाऐवजी एका खऱ्या माणसाचं उत्तर आलं. विकलेली भेट परत देता येत नाही. मूळ पाठवणाराच ती पुन्हा पाठवू शकतो. त्यासाठी तुमची मैत्रीची विनंती त्याने त्याच्या फोनवर स्वीकारावी. शुभेच्छा.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. श्रीपादराव कोणाला न सांगता स्कूटर काढून निघाले. देहूपर्यंत ठीक होतं. येलवाडीच्या पुढे कंटेनरांची रांग लागली आणि तिच्या कडेकडेने, एकेका चाकाकडे बघत, ते महाळुंग्यात पोचले. तो चौक त्यांच्या रस्त्यात नव्हता, पण प्रत्येक कंटेनर त्यांना तोच वाटत होता.

कारखान्यांच्या मागे पत्र्याच्या खोल्यांची एक ओळ होती. दाराशी खाटेवर घरमालक अर्जुनराव बसले होते. जमीन कंपन्यांत गेली, उरल्या तुकड्यावर त्यांनी खोल्या बांधल्या होत्या.

"कोन पायजे?"

"स्वरूपाच्या आई. शालनबाई."

म्हाताऱ्याने त्यांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "विमावाले का?"

"नाही."

"मंग बसा. क्यांटिनातनं सुटल आता. लई गुनाची व्हती वो पोरगी. माझं लाईट बिल तीच भरायची, त्या फोनवरनं." त्यांनी खाटेवर सरकून जागा करून दिली.

शालनबाई साडेपाचला आल्या. कंपनीच्या कँटीनमध्ये भांड्यांच्या कामाला होत्या. हात पाण्याने पांढरे पडलेले. लातूरकडच्या. अनुयाचे वडील म्हटल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "या की आत. अनुचं नाव लई घ्यायचं आमचं लेकरू."

खोलीत एक पलंग, एक शेगडी, आणि फळीवर देवाच्या तसबिरीशेजारी एक मोबाईल. चार्जिंगला लावलेला. वायरला जोड दिलेला होता.

श्रीपादरावांनी येताना भाषण तयार केलं होतं. पण विषय कसा काढावा या विचारात असतानाच शालनबाईंनी स्वतःच फळीकडे बोट दाखवलं. "साहेब, तुमाला फोनातलं कळतंय का? ह्याला बघा बरं काय झालंय. वाजंना गेलाय."

"म्हणजे?"

"रोज सातला वाजायचा. टिण करून. पोरगी गेल्यापासून रोज. मी भाकरी टाकायच्या टायमाला. दोन ओळी यायच्या इंग्रजीत. तेवीस दिवसाला रिचार्ज मारते मी त्याच्यासाठी. आता तीन आठवडे झालं, काहीच नाही. दुकानात नेला, तो म्हणला फोन चांगला आहे. उघडून बघू का म्हणला, पण उघडला तर आतलं सगळं पुसलं जाईल म्हणला. मी नको म्हणलं."

"त्या ओळी कोणाला वाचायला दिल्या नाहीत?"

"नाही. वाचून कोणी म्हणलं असतं की जाहिरात आहे, तर? त्यापरीस नाही वाचल्या ते बरं. मी आपलं म्हणायची, कोणीतरी आठवण काढतंय लेकराची. आता बंद झालं तर म्हणलं विसरलं असेल. माणसं विसरायचीच की, साहेब. त्यांना पण त्यांचं असतंय."

श्रीपादराव खाली बघत बसले. त्यांना पळून जावंसं वाटलं. फोन बिघडला असेल असं म्हणून उठता आलं असतं. बाई मानाने निरोप देऊन चहासुद्धा पाजणार होत्या.

"जाहिरात नव्हती," ते म्हणाले. "माझी अनुया वाजवायची. गेममधून. रोज."

शालनबाईंनी पदर तोंडाला लावला.

"आणि ती विसरली नाही. मी बंद केलं."

"चुकून?"

"नाही," श्रीपादराव म्हणाले. "नीट विचार करून. रजिस्टरमध्ये लिहून." आणि मग कोणी विचारलं नसताना ते म्हणाले, "पंधरा दिवस थांबायचं असतं. मालकाला विचारायचं असतं. मी थांबलो नाही."

बाहेर शिफ्ट सुटल्याचा भोंगा झाला. शालनबाई उठल्या आणि चहाचं आधण ठेवलं. श्रीपादरावांना चिंचवडचा निरंजन आठवला. बारावीनंतर तो कुठे गेला हे त्यांनी कधी शोधलं नव्हतं, आणि तो वारल्याचं त्यांना दोन वर्षांनी एका लग्नात, पंगतीत, कोणाच्या तरी बोलण्यातून कळलं होतं. त्याच्या स्कोअरची हकीकत ते शेकडो वेळा सांगत आले. पण त्याचं म्हणून जपलेलं त्यांच्याकडे एक नाणंही नव्हतं. मेन स्विच मालकाने ओढला होता, असं ते इतकी वर्षं समजत होते.

कंदिलाचं त्यांनी सांगितलं. विनंती स्वीकारायला फोन उघडावा लागेल, हेही सांगितलं. शालनबाईंनी मान हलवली. "त्याच्यावर नक्षी काढून उघडायची ती. नऊ ठिपक्यांवर. मला येत नाही."

"मग कंदील परत येणार नाही," श्रीपादराव म्हणाले. ते वाक्य त्यांनी स्वतःलाच ऐकवलं.

"आणि ती टिण?"

विनंती पाठवली की वाजेल बहुतेक, ते म्हणाले, आणि त्यांनी खिशातून फोन काढला.

"आत्ता नको," शालनबाई म्हणाल्या. "सातला करा."

तेव्हा सव्वासहा वाजले होते. शालनबाईंनी मेथीची जुडी समोर घेतली. श्रीपादरावही मेथी निवडायला बसले. पिवळी पानं एकीकडे, कोवळी एकीकडे, काड्या तिसरीकडे. शालनबाईंनी त्या तीन सरळ ढिगांकडे पाहिलं, आणि काड्यांतल्या निम्म्या पुन्हा भाजीत टाकल्या. "एवढं टाकून नाही देत हो," त्या म्हणाल्या. श्रीपादरावांनी मुकाट्याने दुसरी काडी उचलली.

सातला त्यांनी बटण दाबलं. फळीवर टिण झालं.

त्यांच्या पडद्यावर अक्षरं आली: विनंती प्रलंबित. चोवीस तासांत उत्तर न आल्यास रद्द होईल. उद्या पुन्हा पाठवता येईल. शालनबाई तव्याकडे तोंड करून उभ्या राहिल्या आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "लेकीला सांगा, ऐकू आलं."

घरी पोचल्यावर श्रीपादरावांनी अनुयाच्या खोलीचं दार वाजवलं. ती खुर्चीवरून वळली नाही. त्यांनी दारातूनच सगळं सांगितलं: फळी, वायरीचा जोड, भाकरीचा टाइम, इंग्रजी ओळी. स्वतःला कुठे सोडवून घेतलं नाही. आपली घंटा कुठेतरी रिकाम्या जागेत पडते, असंच अनुया इतके दिवस समजत होती. तिची पाठ हलायला लागली. अरुंधतीबाई आत गेल्या आणि दार लावून घेतलं. श्रीपादराव बाहेर उभे राहिले. आत जाण्याचा हक्क आपल्याला आहे असं त्यांना वाटलं नाही.

त्यानंतर रोज सातला अनुया आपल्या फोनवरून विनंती पाठवते. विनंती रोज प्रलंबित राहते आणि रोज रद्द होते. एक-दोन मिनिटांनी महाळुंग्याहून मिस्ड कॉल येतो, एक रिंग, आणि बंद. पोच. रजिस्टरमध्ये सत्तेचाळीस क्रमांकापुढचा 'भंगार' हा शब्द श्रीपादरावांनी खोडून पाहिला, पण त्याच्या जागी काय लिहावं हे न सुचल्याने ती जागा तशीच आहे. कंपनीत चौथी ट्रॉफी मिळाली. ती ते बसमध्येच विसरले आणि आणायला गेले नाहीत.

अनुया अजून त्यांच्याशी बोलत नव्हती. दीडेक महिन्याने तिचं प्रॅक्टिकल लांबलं. सहाला घरी धावत आली आणि लगेच पुन्हा निघायचं होतं. लॅबमध्ये फोन नेता यायचा नाही. ती बॅग भरता भरता थांबली, बापाच्या खुर्चीपाशी आली, आणि आपला फोन त्यांच्यापुढे टेबलावर ठेवला. त्यांच्याकडे न बघता म्हणाली,

"सातला. फक्त तेवढंच. बाकी कशालाही हात लावू नकोस."

ती गेली. श्रीपादराव साडेसहापासून दोन्ही हात मांड्यांखाली घालून बसले होते. अरुंधतीबाईंनी चहा आणून ठेवला, तो निवला. पडद्यावर बेट दिसत होतं: पाणी मागणारी झाडं, किनाऱ्यावर पडलेले मासे, गोदामाच्या डाव्या कोपऱ्यातली रिकामी जागा. मासे सडायला लागले होते. सातला त्यांनी एक हात बाहेर काढला, बटण दाबलं, आणि मिस्ड कॉल येईपर्यंत तो हात तसाच धरून ठेवला. रिंग आली. एकदाच.

मग त्यांनी फोन पालथा ठेवला, आणि बाकी कशालाही हात लावला नाही.